घरसंसार : तपकिरी बाटलीचे मोजमाप



बकरी ईद जवळ आली की आमच्याकडे दरवर्षी दोन-तीन प्रश्न हमखास येतात. पांढऱ्या कुर्त्यावरचे रक्ताचे डाग कसे काढायचे? गोश्त कापायचा लाकडी ठोकळा धुऊनही वास मारतो, काय करावे? यंदा त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. मोबाईलवर एक व्हिडिओ फिरतो आहे. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या एका बाटलीने कपडे, भांडी, फरशी, जखमा, दात, कान आणि कुंड्यांतली झाडे असे सगळे साफ होते, असे त्यात सांगितले आहे. हे खरे आहे का?

थोडे खरे आहे, थोडे अर्धवट आहे आणि थोडे धोक्याचे आहे. ही बाटली अनेक घरांत असते. मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते, स्वस्त असते, फेस येतो म्हणून कामाची वाटते. पण तिच्या लेबलवरचा आकडा फारसा कोणी वाचत नाही, आणि सगळा हिशेब त्या आकड्यावरच आहे. म्हणून या महिन्यात तिच्याविषयी सविस्तर, आणि तिच्या जोडीने घरात व बागेत उपयोगी पडणाऱ्या काही साध्या भिजवण्यांविषयी.

बाटलीत असते काय?

पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ऑक्सिजनचा एक अणू जास्त. फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ लुई जाक तेनार यांनी 1818 साली ते प्रथम तयार केले. हा जास्तीचा ऑक्सिजन त्यात नीट टिकत नाही. उजेड, उष्णता, धूळ किंवा रक्त लागले की तो सुटतो आणि मागे साधे पाणी उरते. सुटणारा ऑक्सिजन डागाचा रंग मोडतो आणि जंतूंनाही मारतो. उजेडाने ते बिघडते म्हणूनच बाटली तपकिरी किंवा अपारदर्शक असते. ते पारदर्शक बाटलीत ओतून ठेवले तर हळूहळू त्याचा जोर जातो.

आता लेबल पाहा. आपल्याकडच्या मेडिकलमध्ये बहुतेक वेळा 6 टक्क्यांचे द्रावण मिळते. त्यावर कधी "20 व्हॉल्यूम" असे लिहिलेले असते. अर्थ एकच: त्या एका मिलिलिटरमधून 20 मिलिलिटर ऑक्सिजन वायू सुटू शकतो. 3 टक्के म्हणजे 10 व्हॉल्यूम. परदेशी व्हिडिओंतले बहुतेक नुस्खे 3 टक्क्यांच्या बाटलीसाठी सांगितलेले असतात, कारण तिकडे तीच घराघरांत असते. आपण तेच माप 6 टक्क्यांच्या बाटलीतून घेतले तर दुप्पट तीव्र द्रावण वापरतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

हिशेब सोपा आहे. 6 टक्क्यांचा एक कप आणि पाणी एक कप घेतले की 3 टक्के होते. 6 टक्क्यांचा एक कप आणि पाणी पाच कप घेतले की 1 टक्का होते. लागेल तेवढेच बनवावे आणि उरलेले ओतून द्यावे. पातळ केलेले द्रावण साठवू नये, ते लवकर निकामी होते.

30 टक्के किंवा त्याहून तीव्र द्रावणही बाजारात असते, कधी "फूड ग्रेड" या नावाने. नाव ऐकून ते खाण्यायोग्य वाटते. पण ते त्वचा भाजते, डोळ्यात गेले तर नजर जाऊ शकते. घरात त्याचे काही काम नाही. आणू नये.

जुनी बाटली अजून कामाची आहे का, हे बटाटा सांगतो. कच्च्या बटाट्याच्या ताज्या फोडीवर दोन थेंब टाका. भरभरून फेस आला तर द्रावण जिवंत आहे. बटाट्यात कॅटलेज नावाचे विकर असते, ते पेरॉक्साइडचे झपाट्याने पाणी आणि ऑक्सिजन करते. आम्ही वर्गात हा प्रयोग दाखवतो तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही उठून पुढे येतात. हेच विकर आपल्या रक्तात आणि मांसातही असते. ही गोष्ट लक्षात ठेवा, जखमेच्या विषयात ती पुन्हा लागणार आहे.

रक्ताचा डाग

पहिला नियम: गरम पाणी नाही. रक्तात प्रथिने असतात. अंड्याचा पांढरा बलक तापला की जसा घट्ट होतो, तशी ती गरम पाण्याने धाग्यात पक्की बसतात. मग डाग जन्मभराचा होतो.

कपडा आधी थंड पाण्यात अर्धा तास भिजवा. पाणी लाल झाले की बदला. मग साबण लावून हाताने चोळा. ताज्या डागाला बहुतेक वेळा एवढेच पुरते, बाटली उघडावीही लागत नाही. तरी पिवळसर-तपकिरी खूण राहिली तर 3 टक्क्यांचे थोडे थेंब डागावर टाका. फेस येईल. पाच मिनिटे थांबा, स्वच्छ फडक्याने टिपा, थंड पाण्याने धुवा. लागले तर पुन्हा एकदा करा. कपडा द्रावणात तासन्‌तास बुडवून ठेवू नका.

हे पांढऱ्या सुती कपड्यासाठी आहे. रंगीत कपड्याच्या आतल्या शिवणीवर आधी एक थेंब टाकून पाहा, कारण पेरॉक्साइड रंग उडवते. काळा बुरखा, नकाब, रेशमी शालू, जरीचा दुपट्टा, लोकरीची शाल यांच्या जवळही नेऊ नका. रेशीम आणि लोकरीसाठी रिठ्याचे पाणी उत्तम. आठ-दहा रिठे फोडून, बिया काढून, टरफले रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवा. सकाळी चोळून गाळा आणि त्या फेसात कपडा हलक्या हाताने धुवा.

गंजाच्या डागावरही पेरॉक्साइड लावू नये. लोखंडाच्या संगतीने ते कापडाचे धागेच खाते आणि काही दिवसांनी तिथे भोक पडते. गंजाला लिंबूफूल बरे, पण तेही लावून नंतर पूर्ण धुवावे.

हैजच्या दिवसांतल्या कपड्यांनाही हीच पद्धत लागू आहे. अनेक घरांत मुली हे कपडे चोरून धुतात आणि अंधाऱ्या कोपऱ्यात वाळत घालतात. तिथे ते ओलसर राहतात, त्यावर बुरशी धरते आणि त्रास मुलीला होतो. थंड पाणी, साबण, स्वच्छ धुणे आणि कडक ऊन एवढे पुरेसे आहे. आईने हे मुलीला वेळेवर शिकवावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करू. डाग जाणे वेगळे आणि कपडा पाक होणे वेगळे. कोकणातली आपली बहुतेक घरे शाफई, देशावरची बहुतेक हनफी. नजासत कोणत्या द्रवाने दूर होते यावर फिकहच्या किताबांत फरक आढळतो. पण पाण्याने नीट धुतल्यावर कोणाचाच प्रश्न राहत नाही. म्हणून पेरॉक्साइड लावले तरी शेवटी कपडा स्वच्छ पाण्याने तीन वेळा धुऊन, पिळून घ्यावा. आणि नीट धुऊनही न निघणारी फिकट खूण उरली, तर तेवढ्याने नमाज अडत नाही. अशा खुणेसाठी चांगला कपडा टाकून देणे हा इस्राफ झाला. मनात शंका असेल तर आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारावे.

ठोकळा, सुरे आणि दस्तरख्वान

कुर्बानीनंतर ठोकळा आणि सुरे आधी गरम पाणी आणि साबणाने घासून काढा. चरबी आणि रक्त वर असताना कोणतेही जंतुनाशक टाकणे व्यर्थ, कारण पेरॉक्साइड त्या रक्तावरच खर्च होते. स्वच्छ झाल्यावर 3 टक्के द्रावण पृष्ठभाग ओला होईल इतके लावा आणि दहा मिनिटे राहू द्या. लावले आणि लगेच पुसले तर जंतू मरत नाहीत, हे दहा मिनिटेच खरे काम करतात. मग पाण्याने धुऊन ठोकळा उन्हात उभा करा. लाकडाला ऊन हवेच. आतून ओला राहिलेला ठोकळा पुन्हा वास मारतो. सुऱ्यांची पाती मात्र द्रावणात बुडवून ठेवू नका. धुवा, पुसा, कोरडी करा. आणि गोश्तावर पेरॉक्साइड कधीच नाही. गोश्त पाण्यानेच धुवावे.

दस्तरख्वानावरची हळद हा वेगळा प्रकार आहे. साबण लागताच ती लाल होते आणि आपण घाबरतो. साबण अल्कधर्मी असतो म्हणून तसे होते. धुतले की रंग परत पिवळा दिसतो. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. साबणाने धुऊन ओले कापड दिवसभर उन्हात पसरा, दोन दिवसांत खूण फिकी पडेल. बाजारात "ऑक्सी" नावाने मिळणाऱ्या डाग काढायच्या बऱ्याच पावडरींत सोडियम परकार्बोनेट असते. कोमट पाण्यात त्यातून पेरॉक्साइडच सुटते. म्हणून पावडरही तेवढ्याच जपून वापरावी.

जखमेवर फेस : इथे थांबा

आता सर्वांत महत्त्वाचे. आपल्या घरांत जखम झाली की बाटली उघडली जाते. फेस येतो, चुरचुरते, आणि सगळे म्हणतात, "बघा, जंतू मरताहेत." फेस जंतू मेल्याची खूण नाही. बटाट्यावर येतो तोच हा फेस. जखमेतल्या रक्तात आणि पेशींत कॅटलेज आहे, म्हणून तो येतो. त्याच वेळी जखम भरून काढायला आलेल्या नव्या, नाजूक पेशीही पेरॉक्साइडने मरतात. रोज ओतले तर जखम रोज मागे जाते.

आमच्या परिचयातल्या एका घरात दादींच्या टाचेला छोटी भेग पडली. शुगरचा जुना आजार. सूनबाई मोठ्या निगुतीने रोज सकाळ-संध्याकाळ बोळ्याने पेरॉक्साइड लावायची. फेस आला की दोघींना समाधान वाटायचे. तीन आठवडे गेले, भेग भरायचे नाव नाही, उलट कडा पांढऱ्या पडल्या आणि खोली वाढली. दादींना दुखत नव्हते, म्हणून कोणी घाईही केली नाही. शुगरमध्ये पायाची संवेदना कमी होते. न दुखणे हीच तिथे धोक्याची घंटा असते. शेवटी डॉक्टरांनी पहिले काम केले ते बाटली बंद करण्याचे. पाय वाचला, अल्हम्दुलिल्लाह, पण त्याला महिने लागले. सूनबाईच्या सेवेत काही उणे नव्हते. फेसाने दोघींना फसवले होते.

म्हणून साध्या खरचटण्याला वाहते स्वच्छ पाणी आणि भोवती साबण. मग स्वच्छ कापडाने झाका. खोल जखम, प्राण्याचा चावा, गंजलेले खिळे, भाजणे आणि शुगर असलेल्या माणसाच्या पायाची कोणतीही जखम दवाखान्यात दाखवा. कुत्रा चावला तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस घ्या. खोल, अरुंद जखमेत पेरॉक्साइड कधीच ओतू नये. सुटलेला वायू आत कोंडून रक्तात शिरू शकतो.

कानातला मळ काढायलाही ते घरच्या घरी टाकू नका. पडद्याला भोक असेल तर इजा होते. दात पांढरे करण्यासाठी चुळा भरणे, वाफारा घेणे, पाण्यातून पिणे हे सगळे व्हिडिओ बंद करून टाकावेत. पिण्याने आतडे भाजते. मुलाच्या पोटात गेले तर उलटी करवू नका. बाटली सोबत घ्या आणि तडक दवाखाना गाठा, गरज पडली तर 108 ला फोन करा.

कशात मिसळायचे नाही

पेरॉक्साइड आणि व्हिनेगर एका बाटलीत नको. त्यातून डोळे आणि छाती जाळणारे तीव्र आम्ल तयार होते. पेरॉक्साइड आणि ब्लीच एकत्र नको, वायू जोरात सुटून द्रावण उसळते. ब्लीच आणि संडास साफ करायचे आम्ल तर मुळीच नको. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत तो माणसाला बेशुद्ध पाडू शकतो, दम्याच्या रुग्णाचा जीवही जाऊ शकतो. "दोन औषधे मिळून दुप्पट काम" हा समज साफसफाईत चालत नाही. एका वेळी एकच, खिडकी उघडी ठेवून, आणि दुसरे वापरायचे असेल तर आधी भरपूर पाणी ओतून.

किटली, तोट्या आणि शहाबादी फरशी

बोअरचे पाणी असलेल्या गावांत वुजूच्या नळांवर, किटलीत आणि लोट्यात पांढरे क्षार बसतात. तिथे पेरॉक्साइड काहीच करत नाही. एक लिटर कोमट पाण्यात मोठा चमचाभर लिंबूफूल घाला, किटलीत तासभर राहू द्या, घासा, दोनदा पाणी उकळून ओतून द्या. नळाच्या तोटीला त्याच पाण्यात भिजवलेले फडके गुंडाळा. हे पाणी शहाबादी फरशीवर किंवा संगमरवरावर सांडू देऊ नका. दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. आम्लाने त्यांची चकाकी जाते आणि पुन्हा येत नाही.

कच्ची खायची फळे आणि सॅलडची भाजी एक लिटर पाण्यात दोन लहान चमचे खाण्याचा सोडा घालून पंधरा मिनिटे भिजवा, मग साध्या पाण्याने धुवा. सालीवरच्या फवाऱ्याचा बराच भाग निघतो, आत मुरलेला निघत नाही. पेरॉक्साइडची इथे गरज नाही.

गच्चीवर आणि परसात

झाडाला पेरॉक्साइडचे पाणी घातले की मुळे तरारतात, असे सांगतात. मातीत पडताच ते थोड्या वेळात पाणी होऊन जाते आणि जाता जाता मातीतले चांगले जीवही मारते. कुंडीतल्या मुळांना कूज लागते ती बहुधा साचलेल्या पाण्याने. कुंडीचे भोक मोकळे करा, खाली खापऱ्या घाला, पाणी कमी करा. त्यावर हाच इलाज आहे.

बागेत त्याची दोन कामे खरी. रोगट फांदी छाटल्यावर कात्री धुऊन, 3 टक्के लावून, दहा मिनिटांनी पुसून दुसऱ्या झाडाला लावणे. आणि घरच्या बियांवर बुरशी दिसली तर 1 टक्का द्रावणात दहा मिनिटे ठेवून स्वच्छ धुणे.

बाकी बियांना साधे पाणी हवे. भेंडी रात्रभर भिजवावी. कारले, दोडका यांची साल जाड, त्यांना चोवीस तास. धणे हलके रगडून दोन फाका कराव्यात, मग रात्रभर भिजवावेत. घेवडा, चवळी मात्र जास्त वेळ पाण्यात ठेवू नये, डाळी सुटून कुजतात. पुदिन्याची काडी पाण्याच्या ग्लासात ठेवली की आठ-दहा दिवसांत मुळे धरते.

कोकणातल्या आपल्या भातशेतीवाल्यांना मिठाचे पाणी माहीत आहेच, नव्या पिढीसाठी सांगतो. दहा लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवा, त्यात भाताचे बियाणे ओतून ढवळा. पोकळ आणि रोगट दाणे वर तरंगतात, ते काढून टाका. तळाचे भरीव बियाणे दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. एका पैशाचे औषध नाही आणि रोपवाटिका एकसारखी उगवते.

मावा आणि पिठ्या ढेकणासाठी निंबोळी. पावसाच्या तोंडावर पडलेल्या निंबोळ्या गोळा करून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवा. 50 ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवा. सकाळी फडक्यातून गाळा, चिमूटभर साबणाचा चुरा घाला आणि त्याच दिवशी संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला फवारा. शिळा अर्क कामाचा राहत नाही.

बाटली कुठे ठेवायची

मूळ बाटलीतच, मूळ लेबलसह, अंधारात, थंड जागी आणि मुलांच्या हाताला न लागेल अशा उंचीवर. शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कोणतेही सफाईचे द्रावण भरून ठेवू नये. रोजा सोडण्याच्या घाईत, तहानेने, कोणी ती तोंडाला लावू शकते. ईदला घरात पाहुण्यांची मुले असतात, त्यांना आपल्या घरातल्या जागा माहीत नसतात. पातळ केलेल्या द्रावणाच्या फवाऱ्यावर मराठीत आणि उर्दूत, ज्याला जे वाचता येते त्या लिपीत, नाव आणि तारीख लिहून चिकटवा. फवारताना हातमोजे घाला. बोटे पांढरी पडून चुरचुरली तर लगेच पाण्याखाली धरा.

ईदच्या आधी एवढे करा: घरातली बाटली काढा, आकडा वाचा, बटाट्याच्या फोडीवर दोन थेंब टाका. फेस आला नाही तर ती मोरीत ओतून द्या, वर पाणी सोडा. फेस आला तर लेबलवर ठळक अक्षरांत लिहा: "पातळ करून. कपडा आणि ठोकळा. जखमेला नाही." घरातल्या मोठ्यांना, विशेषतः ज्यांच्या पायाला शुगरचा धोका आहे त्यांना, ते वाचून दाखवा, आणि रोज रात्री त्यांचे तळपाय एकदा उजेडात पाहत जा.

अल्लाह आपल्या सर्वांच्या कुर्बान्या कुबूल करो आणि घराघरांत आफियत ठेवो. आमीन.